निकालाआधी ‘चोर’ म्हणावे का?

प्रश्न: इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने विचारले आहे. त्यांच्या वस्तीतील साख संस्थेत, म्हणजे महाराष्ट्रात जिला पतपेढी म्हणतात तशा संस्थेत, त्यांची आणि शेजाऱ्यांची पुंजी अडकली आहे. संस्थेच्या व्यवस्थापकाविरुद्ध दोन महिन्यांपूर्वी गुन्हा नोंदवला गेला, त्याला अटक झाली आणि आता तो जमानतीवर घरी आहे. ठेवीदारांच्या व्हॉट्सअॅप गटात त्याला उघडपणे चोर म्हटले जाते. काहींनी त्याचा फोटो घालून चौकात फ्लेक्स लावायचे ठरवले आहे, आणि त्याच्या दहावीतल्या मुलीला शिकवणीत टोमणे ऐकावे लागत आहेत. उलट काही ज्येष्ठ मंडळी ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, कोणी चकार शब्द काढू नये’ असे बजावतात. यांत बरोबर कोण?

उत्तर:

बाई, आपण आयुष्यभर शिकवलेत म्हणून याच संबोधनाने लिहितो. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात मी चौतीस वर्षे फौजदारी वकिली करीत आहे. त्यातला बहुतेक काळ आरोपींच्या बाजूने उभा राहिलो असलो, तरी संस्था बुडाल्यावर पासबुके पदरात बांधून आलेल्या ठेवीदारांची वकीलपत्रेही मी घेतली आहेत, त्यामुळे आपल्या गटातला संताप मला परका नाही. तरीही माझे मत स्पष्ट आहे की फ्लेक्स लावू पाहणारे आणि तोंडाला कुलूप घालायला सांगणारे, दोघेही चुकत आहेत; आणि यांतली फ्लेक्सवाल्यांची चूक खुद्द ठेवीदारांनाच अधिक महागात पडणारी आहे.

आपल्याकडे ‘गुन्हा दाखल झाला’ हे वाक्य ‘गुन्हा सिद्ध झाला’ अशाच सुरात उच्चारले जाते, म्हणून आधी कागद कोणता आणि त्याचे वजन किती, हे पाहू. एफआयआर म्हणजे प्रथम माहिती अहवाल, अर्थात ती केवळ माहिती आहे, आणि तीही पहिली. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की ती नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी प्रकरणात सांगितले. आर्थिक व्यवहारांसारख्या काही प्रकरणांत मर्यादित प्राथमिक चौकशीची मुभा आहे, पण माहिती खरी की खोटी याचा निवाडा करून मगच गुन्हा नोंदवायचा, अशी पद्धत कायद्याला मान्य नाही. हा नियम फिर्यादीच्या भल्याचा आहे, कारण त्यामुळे ठाण्यातून कोणाला रिकाम्या हाताने परत पाठवता येत नाही. मात्र ज्या कागदाची नोंद पडताळणी न करता करावी लागते, त्याच कागदाला पुरावा मानणे हा त्या नियमाचा उलटा अर्थ झाला.

अटकेचेही तसेच आहे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक आपोआप होऊ नये, ती का आवश्यक आहे याची कारणे पोलिसांनी लेखी नोंदवावीत, असे २०१४ च्या अर्नेश कुमार निर्णयात बजावले आहे. माणूस पळून जाईल, पुरावा नष्ट करील, साक्षीदारांवर दबाव आणील अशी भीती असली की अटक होते. अटक ही तपासाची सोय आहे, अपराधाची पायरी नव्हे. मग जमानत. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाच्या आमच्या इंदूर खंडपीठात जमानतीच्या अर्जावर ठाण्यातून केस डायरी, म्हणजे पोलिसांची तपासाची रोजची नोंद, मागवली जाते, ती पाहून दोन्ही बाजू ऐकल्या जातात, आणि आदेशात जवळजवळ प्रत्येक वेळी एक वाक्य असते: प्रकरणाच्या गुणदोषांविषयी कोणतेही मत व्यक्त न करता. मी हे वाक्य हजारो वेळा वाचले असेल आणि ते उपचाराचे नाही. त्या न्यायाधीशांनी केस डायरी पाहिलेली असते, तुम्ही आम्ही पाहिलेली नसते, आणि तरीही ते मत देत नाहीत. म्हणून जमानत नाकारली गेली तेव्हा ‘बघा, कोर्टालाही पटले’ असे म्हणणे जितके निराधार, तितकेच ती मिळाल्यावर ‘पैसे चारले असणार’ असे म्हणणेही निराधार आहे. ठरावीक साठ किंवा नव्वद दिवसांत पोलिसांनी चालान, म्हणजे आरोपपत्र, पेश केले नाही, तर जमानत हा आरोपीचा हक्कच होतो. त्यात कोणाची मेहेरबानी नसते.

चालान हे तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचे मत असते. तपासाअंती काहीच हाती लागले नाही, तर आपल्या राज्यात पोलीस खात्मा लावतात आणि तक्रारच खोटी निघाली तर खारिजी, असे हे दोन्ही शब्द आपण कोर्टाच्या व्हरांड्यात रोज ऐकाल. चालानानंतर आरोप निश्चित होतात, त्यानंतर साक्षी, उलटतपास, युक्तिवाद आणि निकाल. जमानतीवर सुटून आलेला आपला व्यवस्थापक या सगळ्या वाटेवर अजून दुसऱ्या मुक्कामाशी आहे.

आता आपल्या प्रकरणाकडे येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली फौजदारी विश्वासघात सिद्ध करायचा, तर मालमत्ता त्या माणसाच्या हवाली केली होती हे दाखवावे लागते, आणि त्यानेच अप्रामाणिक हेतूने ती वापरली किंवा गिळली हेही दाखवावे लागते. हे दाखवण्याचे ओझे सरकार पक्षावर असते आणि ते वाजवी संशयापलीकडे पेलावे लागते, कारण एका बाजूला पोलीस, प्रयोगशाळा, सरकारी वकील आणि तुरुंग, आणि दुसऱ्या बाजूला एकटा माणूस, असा तो सामना असतो. लेखापरीक्षणात तूट निघाली असेल तर तिजोरी रिकामी आहे एवढे कळले. ती कोणी रिकामी केली हे अजून कळायचे आहे. व्यवस्थापकाने, की रोखपालाने, की तारणाशिवाय कर्जे मंजूर करून ठरावांवर सह्या करणाऱ्या संचालकांनी, की सर्वांनी मिळून? पहिली गोष्ट आपण ठामपणे, मोठ्याने, चौकातही बोलू शकता: आमचे पैसे परत मिळालेले नाहीत, मुदत संपून इतके महिने झाले, संस्थेला कुलूप आहे, हिशेब दाखवला जात नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल मात्र ‘आरोप आहे’, ‘तक्रार केली आहे’, ‘पोलिसांचे म्हणणे आहे’ अशीच भाषा हवी. हे शब्द पुष्कळांना भित्रे वाटतात. मला ते वाटत नाहीत, कारण आपल्याला जेवढे माहीत आहे, बरोबर तेवढेच ते सांगतात.

‘धूर आहे म्हणजे आग असणारच’ हे वाक्य आपल्या गटात नक्कीच कोणीतरी लिहिले असेल. चौतीस वर्षांत मी या एका म्हणीने जेवढे नुकसान झालेले पाहिले, तेवढे खोट्या साक्षीनेही झालेले पाहिले नाही. आपण इंदूरकरांना तर याचा शंभर वर्षांचा अनुभव आहे. १९२५ च्या जानेवारीत मुंबईच्या मलबार हिलवर अब्दुल कादर बावला यांचा खून झाला, हल्लेखोर इंदूर संस्थानातले निघाले, मुंबईच्या न्यायालयात खटला चालला आणि काहींना फाशीची, काहींना जन्मठेपेची शिक्षा झाली. संशयाचे बोट इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर यांच्याकडेही वळले, पण त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात आरोप ठेवला गेला नाही. चौकशी आयोगाला सामोरे जावे की गादी सोडावी, अशी निवड इंग्रज सरकारने पुढे केल्यावर त्यांनी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. त्यांचा हात होता की नव्हता हे मी सांगू शकत नाही, कारण ती बाजू कधी साक्षीपुराव्यावर घासून पाहिलीच गेली नाही; परंतु आमच्या लहानपणी वाड्यांच्या ओसरीवर बसून दोन्ही बाजूंचे लोक डोळ्यांनी पाहिल्यासारखे ठामपणे बोलत, आणि अजूनही बोलतात. ज्यांच्यावर खटला चालला त्यांच्याबद्दल आपल्याला निकालपत्र वाचता येते. ज्यांच्यावर चालला नाही त्यांच्याबद्दल फक्त गावचर्चा उरते आणि ती कधीच संपत नाही.

यानंतर सांगतो ते आपल्या गटातील प्रत्येकाला वाचून दाखवावे अशी माझी विनंती आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका संस्थेच्या खटल्यात मी आरोपीतर्फे होतो. सरकार पक्षाचा सर्वांत भरवशाचा साक्षीदार एक निवृत्त कारकून होता. वयाने सत्तरीचा, बोलण्यात सौम्य, पांढरा शर्ट इस्त्री करून आलेला. पोलिसांपुढच्या जबाबात त्याने साधे आणि खरे सांगितले होते की मी खिडकीवर रोख रक्कम दिली, आतल्या माणसाने पावती दिली, नंतर ती रक्कम खात्यात दिसली नाही. एवढ्यावर माझी पंचाईत होती. पण मधल्या काळात बातम्या आल्या, फोटो फिरले, रोज संध्याकाळी गटात आरोपीच्या नावाने ओरड होऊ लागली, आणि त्या ओरडीत या गृहस्थानेही एके रात्री लिहिले की या माणसाने माझ्या हातून पैसे घेऊन स्वतःच्या खिशात घातले, मी डोळ्यांनी पाहिले. त्या संदेशाची छापील प्रत माझ्या फाइलमध्ये होती. उलटतपासात मी ती त्याच्या हातात दिली आणि विचारले की हे आपणच लिहिले का. तो हो म्हणाला. पैसे खिशात घालताना आपण पाहिलेत का, असे विचारल्यावर त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. न्यायाधीशांनी प्रश्न पुन्हा विचारला तेव्हा तो हळूच बोलला, आणि टंकलेखकाने ते हिंदीत जसेच्या तसे नोंदवले: ‘सब लोग कह रहे थे।’

त्या चार-पाच शब्दांनी त्याची सगळी साक्ष गेली. जी खरी होती तीही गेली, कारण जो माणूस एका ठिकाणी न पाहिलेले पाहिले म्हणतो, त्याच्या पावतीच्या वेळच्या आठवणीवर न्यायालयाने विसंबावे तरी कसे? माझा पक्षकार सुटला. तो दोषी होता की नाही हे मी कधीच सांगणार नाही, ते माझ्या व्यवसायाचे बंधन आहे. पण बाहेर पडताना जिन्याच्या कठड्याला धरून उभे असलेले ते म्हातारे गृहस्थ मला आजही दिसतात. ते खोटारडे नव्हते. रोज एकच गोष्ट शंभर तोंडांतून ऐकली की ती आपल्या आठवणीत जाऊन बसते, आणि मग पाहिलेले कोणते व ऐकलेले कोणते हे स्वतःलाच सांगता येईनासे होते. आपल्या गटात आज जे लोक चोर चोर लिहीत आहेत, तेच उद्याचे साक्षीदार आहेत, आणि त्यांचा एकेक संदेश समोरच्या वकिलासाठी जपून ठेवलेला दाणा आहे. मी त्या वकिलाच्या जागी बसलेलो आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

ओळख परेडबाबतही असेच घडते. ज्या आरोपीला साक्षीदार आधीपासून ओळखत नाहीत, त्याचा चेहरा परेडपूर्वी वर्तमानपत्रांत आणि फोनवर फिरला, की त्या परेडला फारशी किंमत उरत नाही. आपला व्यवस्थापक सर्वांच्या ओळखीचा असल्याने हा मुद्दा येथे लागू नाही, पण उद्या तपासात आणखी कोणी अनोळखी माणूस पकडला गेला तर लक्षात असू द्या.

दुसरे नुकसान याहून खोल आहे. गर्दीला एकदा तिचा माणूस मिळाला, की तपासावरचा ताण नाहीसा होतो आणि बाकीच्या दिशा बंद होतात. आपल्या भाषेत चोर सोडून संन्याशाला फाशी अशी म्हण आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये गुरुग्राम येथील एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, त्याच दिवशी बसच्या वाहकाला अटक झाली, आणि त्याने कबुली दिल्याचे देशभर दाखवले गेले. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही हा आपल्या कायद्यातला दीडशे वर्षे जुना नियम आहे, पण पडद्यावर तो कोण सांगणार? दोन महिन्यांनी सीबीआयने त्याच शाळेतल्या एका विद्यार्थ्याला ताब्यात घेतले, आणि पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने वाहकाला आरोपमुक्त केले. सीबीआयकडे तपास गेला नसता तर काय झाले असते, हा विचार मला अस्वस्थ करतो. इस्रोचे शास्त्रज्ञ नंबी नारायणन यांना १९९४ साली हेरगिरीच्या आरोपाखाली अटक झाली, १९९६ मध्ये सीबीआयने आरोपांत तथ्य नसल्याचे सांगितले, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला तो सप्टेंबर २०१८ मध्ये. देशद्रोही हा शब्द चिकटायला एक बातमी पुरली होती आणि तो पुसायला चोवीस वर्षे लागली.

हे सगळे मोठ्या नावांच्या बाबतीत निदान नोंदले तरी जाते. माझा एक पक्षकार मंडीतल्या तोलकाट्यावर कारकून होता. अपहाराच्या आरोपावरून त्याचा फोटो एका दैनिकात तीन कॉलमांत छापून आला होता. सहा वर्षांनी तो निर्दोष सुटला आणि त्याची बातमी कोठेच आली नाही. निकालाची प्रमाणित प्रत त्याने प्लास्टिकच्या पाकिटात घातली, आणि मुलीच्या स्थळासाठी जाताना तो ती बरोबर नेत असे. शेवटच्या पानावरची ओळ, जेथे त्याला दोषमुक्त केले आहे असे लिहिले होते, ती समोरच्यांना दाखवण्यासाठी तो पान नेमके तेथेच दुमडत असे, आणि एके दिवशी ते त्या घडीवर फाटले. तो नवी प्रत काढून घ्यायला माझ्याकडे आला तेव्हा मला हे कळले. न्यायालयाने जे दिले ते त्याला घरोघर कागदावर दाखवावे लागत होते, आणि लोकांनी जे दिले ते न दाखवताच सर्वांना ठाऊक होते.

आता ‘न्यायप्रविष्ट आहे, बोलू नका’ म्हणणाऱ्या ज्येष्ठ मंडळींविषयी. त्यांचा हेतू चांगला असेल, पण हा नियम कायद्यात नाही. न्यायालय अवमान कायदा १९७१ चा आहे. न्यायदानात अडथळा आणणारे किंवा तशी शक्यता निर्माण करणारे प्रकाशन त्याने निषिद्ध केले आहे. न्यायालयातील कामकाजाचे प्रामाणिक आणि अचूक वृत्त मात्र त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. फौजदारी प्रकरण ‘प्रलंबित’ कधीपासून धरायचे, तर चालान पेश झाल्यापासून किंवा न्यायालयाने समन्स अथवा वॉरंट काढल्यापासून, असे त्या कायद्याचे स्पष्टीकरण आहे. विधी आयोगाने २००६ च्या आपल्या २०० व्या अहवालात ही मुदत अटकेपासून धरावी अशी शिफारस केली होती आणि ती मला योग्य वाटते, कारण सर्वांत जास्त चिखलफेक अटक आणि चालान यांच्या मधल्याच दिवसांत होते. परंतु यांतल्या कोणत्याही तरतुदीने ठेवीदाराला आपले पैसे मागायला, संचालकांना जाब विचारायला, तपास रेंगाळत असल्याची तक्रार करायला बंदी घातलेली नाही. एखाद्या स्त्रीने आपल्यावर काय गुदरले ते सांगितले, तर तिलाही ‘आधी निकाल लागू दे’ म्हणून गप्प करता येत नाही. ती निकाल देत नसते, ती साक्ष देत असते.

लोकांच्या आवाजाने भलेही झालेले आहे हे मी नाकारत नाही. दिल्लीत १९९९ साली झालेल्या जेसिका लाल खून प्रकरणात खालच्या न्यायालयाने २००६ च्या फेब्रुवारीत सर्वांना सोडले, देशभर संताप उसळला, अपील झाले, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने मुख्य आरोपीला दोषी ठरवले आणि २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले. पण तेथे आवाज निकालानंतर उठला होता, आणि शिक्षा झाली ती अपिलात पुरावा पुन्हा तपासून झाली. त्याच निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने प्रसारमाध्यमांच्या समांतर खटल्यांबद्दल इशाराही दिला आहे. आणि गर्दी नेहमी फाशीच मागते असे नाही. १९५९ साली नौदल अधिकारी नानावटी यांच्यावर खुनाचा आरोप आला, त्या प्रकरणात मुंबईतल्या एका साप्ताहिकाने आरोपीच्या बाजूने रान उठवले, ज्यूरीने आठ विरुद्ध एक मताने त्याला निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, तेथे जन्मठेप झाली आणि ती सर्वोच्च न्यायालयात १९६१ मध्ये टिकली. ज्या लाटेने आज तुमचा व्यवस्थापक चोर ठरतो, तीच लाट उद्या एखाद्या गोडबोल्या संचालकाला साव ठरवू शकते.

सरकारी यंत्रणाही या घाईतून सुटलेली नाही. पत्रकार परिषदेत आरोपींना रांगेत उभे करून तपासाचा निष्कर्ष जाहीर करण्याची पद्धत इतकी फोफावली की सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांनी माध्यमांना काय आणि किती सांगावे याची नियमावली बनवण्याचा आदेश केंद्राला द्यावा लागला. आणि आपल्या राज्यात आरोपीच्या घरावर बुलडोझर चालताना टाळ्या वाजवणारे अनेक सुशिक्षित चेहरे मी पाहिले आहेत. केवळ आरोपी आहे म्हणून, किंवा दोषी ठरला म्हणूनसुद्धा, प्रशासनाने कोणाचे घर पाडू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी निःसंदिग्धपणे सांगितले. त्या घरात आरोपीची आई राहते, मुले राहतात. व्यवस्थापकाच्या ज्या मुलीला शिकवणीत टोमणे बसत आहेत, तिच्याविरुद्ध कोठल्याही ठाण्यात काहीही नोंदलेले नाही. बाई, आपण त्या शिकवणीच्या शिक्षकांना ओळखत असाल. त्यांच्याशी आपणच बोलावे, हे काम माझ्यापेक्षा आपण चांगले करू शकाल.

निर्दोषत्वाचे गृहीतक पाळायचे म्हणजे त्या माणसाच्या हाती पुन्हा चाव्या द्यायच्या, असाही गैरसमज करून घेऊ नये. शिक्षा देण्यासाठी न्यायालयाला जी कसोटी लागते, ती संस्थेला कुलूप बदलण्यासाठी लागत नाही. चौकशी चालू असताना त्याला कामावरून दूर ठेवणे, सह्यांचे अधिकार काढून घेणे, सहकार निबंधकांकडे चौकशीची मागणी करणे, हे सगळे आजच करता येते आणि करावे. निलंबन ही शिक्षा नसते. विभागीय चौकशीत पुराव्याचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहतात, तेथे वाजवी संशयापलीकडची कसोटी लावत नाहीत. मी व्यक्तिशः माझे पैसे त्याच्याकडे आज ठेवणार नाही, पण म्हणून मी त्याला चोरही म्हणणार नाही.

फ्लेक्सविषयी कायद्याचे सरळ उत्तर असे आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली अब्रुनुकसानीला दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, किंवा समाजसेवेची शिक्षा होऊ शकते. सक्षम अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार हा त्या कलमाला अपवाद आहे, म्हणून ठाण्यात, निबंधकांकडे, न्यायालयात आपण त्याचे नाव घेऊन आरोप केलात तर आपण सुरक्षित आहात. चौकातला फ्लेक्स त्या अपवादात बसत नाही. तेथे आपल्याला ‘हे सत्य आहे आणि लोकहितासाठी सांगितले’ असा बचाव घ्यावा लागेल, आणि अपवाद सिद्ध करण्याचे ओझे ज्याने फ्लेक्स लावला त्याच्यावर असते. म्हणजे जे सिद्ध करायला सरकार पक्षाला अजून साक्षीपुरावा उभा करायचा आहे, ते आपल्यापैकी कोणा सेवानिवृत्त माणसाला स्वतःच्या खर्चाने, आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहून दाखवावे लागेल, आणि व्यवस्थापकाच्या वकिलाला खऱ्या खटल्यात सांगायला मिळेल की हे साक्षीदार वैराने पेटलेले आहेत.

त्याऐवजी जे करायचे ते वेळेत करा. प्रत्येक ठेवीदाराने आपल्या पासबुकाच्या, मुदत ठेव पावत्यांच्या आणि बँकेतून काढलेल्या रकमांच्या नोंदींच्या प्रती काढाव्यात. मूळ कागद घरी ठेवावेत, आणि विवेचना अधिकाऱ्याने, म्हणजे तपास अधिकाऱ्याने, जप्तीत मागितल्यास पावती घेऊनच द्यावेत. ज्याने पैसे दिले त्यानेच, स्वतःच्या शब्दांत, एका कागदावर तारीख, रक्कम, खिडकीवर कोण होते, पावती कोणी दिली, एवढेच लिहावे. शेजारी काय म्हणाला ते लिहू नये, आणि आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असे लिहावे. माझा अनुभव असा की ‘आठवत नाही’ म्हणणाऱ्या साक्षीदारावर न्यायालय अधिक विश्वास ठेवते. हे कागद एकमेकांना दाखवू नका. कर्जे कोणाकोणाला, कोणत्या ठरावाने दिली याच्या प्रती निबंधकांकडे लेखी मागा, कारण संचालकांची नावे तेथेच सापडतील. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ मध्ये गुन्ह्यातून मिळालेल्या मालमत्तेवर टाच आणून ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत बाधितांमध्ये वाटण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी तपास अधिकाऱ्याने वरिष्ठांच्या मान्यतेने न्यायालयात अर्ज करावा लागतो. तो अर्ज झाला आहे का, हे ठाण्यात जाऊन विचारा आणि झाला नसेल तर पोलीस आयुक्तांकडे लेखी निवेदन द्या. अशा मालमत्ता महिन्या दोन महिन्यांत नातेवाइकांच्या नावे फिरतात, त्यामुळे गटातली संध्याकाळ या निवेदनावर खर्च झालेली बरी.

आणि ज्यांनी गटात आधीच ‘मी पाहिले’ असे लिहिले आहे, पण पाहिलेले नाही, त्यांनी ते संदेश पुसून टाकू नयेत; पुसणे त्यांना न्यायालयात आणखी अडचणीत आणील. त्यांनी त्याच गटात, आपल्या नावाने, ते ऐकीव होते एवढे लिहावे आणि जबाब देताना तपास अधिकाऱ्यालाही तसेच सांगावे. त्या निवृत्त कारकुनाला हे वेळेवर कोणी सांगितले असते, तर उलटतपासात माझ्या हाती तो कागद काहीच कामाचा राहिला नसता.